पडदा पाडायची वेळ

पहाटे ३.४०

अंगणातला थर्मामीटर आठ दाखवतोय. काल याच वेळेला साडेदहा होता. डोक्यावरून शाल, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. घरापासून शेडपर्यंतची शंभर पावलं मी मोठ्यानं बोलत चालते. बोलणं कुत्र्याशी असतं, पण ऐकवायचं असतं पलीकडच्या उसाला. गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो आणि माणूस चाहूल देत आला तर तो बहुधा आपणहून बाजूला होतो, हे निफाड तालुक्यात रात्री पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आभाळ निरभ्र आहे. षष्ठीची कोर मध्यरात्रीच्या सुमारास मावळली. सप्तर्षी उत्तरेला उंच चढलेत आणि आग्नेयेला ज्येष्ठेचा तांबडा तारा नुकता वर आलाय. असलं टिपूर आभाळ बघून पूर्वी बरं वाटायचं. नर्सरी घातल्यापासून छातीत धस्स होतं. ढग असले की जमिनीतून निघालेली ऊब ते अडवतात, थोडी खाली परत पाठवतात. ढग नसले की ती सरळ वर निघून जाते. त्यात वारा पडलेला. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि सखल जागी साचते. आमचा भाग म्हणजे कादवा-गोदावरीचं खोलगट, ओलं खोरं. थंडीच्या बातमीत निफाडचं नाव दरवर्षी येतं ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरच्या नोंदीमुळे. २०१८ च्या डिसेंबरअखेरीला तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता.

पण तो आकडा छातीच्या उंचीवरच्या पांढऱ्या जाळीदार पेटीतल्या थर्मामीटरचा असतो. माझी रोपं जमिनीवर आहेत. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज गार असते. पेपरात सहा छापून आलं की मी मनात दोन-तीन वाचते.

शेडचा पडदा हातभर उचलून आत शिरले. आत अकरा. रोपांवर टाकलेल्या पांढऱ्या कापडाखाली तेरा. तेरावर कलिंगडाचं रोप वाढत नाही, पण मरतही नाही. कापडाला हात लावला तर बाहेरून गार आणि आतून दमट लागलं. उजाडायला अजून तीन तास आहेत, आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्री नसते. ती सूर्य उगवताना, कधी कधी उगवल्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं असते. तोवर जमीन ऊब सोडतच राहते.

५.१५

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. एरवी आम्ही तिला नावं ठेवतो, आज तिचा आधार वाटतोय. ह्यांनी बोअर चालू केला. पाइपातून पडणाऱ्या पाण्याची वाफ बॅटरीच्या उजेडात दिसते. वाफ दिसली म्हणून पाणी गरम झालेलं नसतं. खोल बोअरचं पाणी बारा महिने चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास राहतं. उन्हाळ्यात ते आपल्याला गार लागतं, या दिवसांत कोमट.

ट्रेच्या रांगांमधल्या चाऱ्यांत हे पाणी सोडायचं. रोपांवर थेंबही नाही. हजार लिटर पाणी चोवीसवरून बारा अंशांवर उतरताना बारा हजार किलोकॅलरी उष्णता सोडतं. तेवढी ऊब विजेच्या शेगडीनं द्यायची तर चौदा युनिट जळतील. हा हिशेब मला माझ्या पुतण्यानं मांडून दाखवला आणि त्या दिवसापासून पाण्याकडे मी निराळ्या नजरेनं बघते. मात्र हे रोज करायचं नाही. चारीत रोज पाणी उभं राहिलं की शेडमधली ओल वाढते आणि ओल-गारठा एकत्र आले की बुंध्याशी बुरशी लागून रोपं आडवी पडतात. आठच्या खाली पारा जाईल अशीच पहाट असेल, तर.

पलीकडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्यात. बांधाबांधानं ठिपके दिसतात. द्राक्षाचे मणी साखर भरायच्या बेतात आहेत आणि या गारठ्यात त्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, म्हणून बागाईतदार पहाटे उठून पाचट आणि छाटणीच्या काड्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात. शेकोटीबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी शेजाऱ्यांना दरवर्षी सांगते. एक मोठा जाळ करण्यापेक्षा वीस लहान करा. मोठ्या जाळाची ऊब सरळ उंच निघून जाते आणि तिच्या जागी आजूबाजूची गार हवा ओढली जाते. लहान जाळाची ऊब झाडांच्या उंचीत रेंगाळते. धुरावर फार भिस्त ठेवू नका. धूर डोळ्यांना जाड दिसतो, पण जमिनीतून निघणाऱ्या उबेला तो फारसा अडवत नाही.

आणि बंद शेडमध्ये शेगडी कधीच नको. धुरातल्या वायूंनी कोवळी पानं पिवळी पडून गळतात, खाली वाकतात, आणि आत झोपलेला माणूस तर सकाळी उठायचाच नाही.

७.१०

उजाडलं. अंगणात सहा, शेडमध्ये नऊ, कापडाखाली साडेदहा. रात्र निभावली.

आज रथसप्तमी. सासूबाईंनी तुळशीपुढे सात घोड्यांचा रथ रांगोळीनं काढलाय. गोवऱ्यांवर मातीचं बोळकं ठेवून त्यात दूध तापत ठेवलंय. दूध उतू जाईपर्यंत आम्ही दोघी पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलो. परवाच वसंत पंचमी झाली. पंचांगात वसंताचं नाव आलं, पण उत्तरेकडचं वारं काही पंचांग बघून येत नाही. हिमालयाकडून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं, की त्याच्या पाठीमागून हा कोरडा गारठा दोन-तीन दिवसांत आमच्यापर्यंत पोचतो. डिसेंबरातल्या थंडीला मी भीत नाही, कारण तेव्हा शेडमध्ये थंडीला दाद न देणारी कोबी-फ्लॉवरची रोपं असतात. माघातली ही थंडी भलत्या वेळी येते. उन्हाळी कलिंगड, टोमॅटो, मिरची, सगळं ऊब मागणारं पीक या दिवसांत कोवळं असतं. आज शेडमध्ये एक लाख चाळीस हजार रोपं आहेत.

आबा, म्हणजे माझे सासरे, बांधावरून गव्हाकडे बघत आले. "गहू खूश आहे," म्हणाले. खरंच आहे. याच गारठ्यात गव्हाला फुटवे चांगले येतात, ओंबी भरते, हरभरा तरारतो. आबांनी आयुष्यभर थंडीची वाट पाहिली. मी त्यांच्या घरात थंडीशी झगडायचा धंदा घातला, आणि ते रोज सकाळी गव्हाचं बोलून झाल्यावर न चुकता विचारतात, "रात्री किती होता?" आज मी साडेदहा म्हटल्यावर त्यांनी सूर्याला हात जोडले.

नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावरून चक्रवाकांची एक जोडी ओरडत गेली. २०२० साली रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ. उत्तरेकडून हजारो कोस उडून आलेल्या या पाखरांना आमचा कडाका म्हणजे उबारा.

८.००

बाया आल्या. पहिलं काम टोप्या काढायचं.

कलिंगडाचं बी उगवताना आपलं टरफल खाली मातीत सोडून येतं. गारठ्यात उगवण रेंगाळली की टरफल पानांच्या टोकांना चिकटून वर येतं. पहिली दोन जाड पानं त्यात अडकून बसतात, उघडत नाहीत, आणि तसंच राहिलं तर रोप वाकडं होतं. आम्ही त्याला टोपी म्हणतो. टोपी काढायची ती सकाळीच, दहिवरानं टरफल मऊ असेपर्यंत. ऊन चढून ते वाळलं की ओढताना पान फाटतं. मोठ्या मावशींचा हात यात बसलेला. अंगठा आणि तर्जनीत टरफल धरून त्या किंचित दाबतात, ते दोन शिंपल्यांसारखं उघडतं आणि पानं आपणहून बाहेर येतात. ओढायचं नसतंच. नव्या आलेल्या वहिनींना त्या शिकवतात, "बाळाचं झबलं काढताना हात ओढता का त्याचा? तसंच."

मी दरम्यान उगवणीच्या खोलीत. पेरलेले ट्रे इथं एकावर एक थप्पीनं लावलेले असतात, भोवती मल्चिंगचा काळा कागद, त्यावर सासूबाईंच्या दोन जुन्या गोधड्या, कोपऱ्यात शंभर वॅटचा एक बल्ब. कलिंगडाच्या बीला उगवायला पंचवीस ते तीस अंश लागतात. एप्रिलमध्ये थप्पी दोन दिवसांत तयार होते, आता पाच-सहा दिवस. खरी जोखीम ती कधी उघडायची याची. दहातल्या एका खड्ड्यात मान वर दिसली की त्याच तासाला उघडायची. एक दिवस उशीर झाला तर अंधारात रोपं उजेड शोधत बोटभर ताणतात, पांढरीफटक होतात, आणि अशा रोपाला पुढं कितीही जपलं तरी त्याची मान कधी ताठ होत नाही. मंगळवारच्या थप्पीतला मधला ट्रे ओढून पाहिला. कोकोपीटला तडा गेलाय, मान अजून नाही. दुपारी परत बघायचं.

९.२०

आता घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. सूर्य हातभर वर आलाय, आतला पारा अठरावर. पूर्वेचा पडदा गुंडाळायला घेतला. आधी वीतभर, मग दहा मिनिटांनी हातभर. कापड आधी काढायचं नाही, पडदा आधी. रात्रभर गारठलेल्या रोपावर एकदम ऊन पडलं तर जे थंडीनं केलं नाही ते ऊन करतं.

हे मला समजायला दोन हंगाम लागले. सकाळी नऊला रोपं ताठ असायची, दहाला माना टाकायची. ट्रे ओला, तरी रोप सुकलेलं. मी पाणी मारायचे. संध्याकाळपर्यंत आणखी वाईट. शेवटी एका कृषी सहायकानं ट्रेमधलं रोप उपटून मुळांचा गोळा माझ्या गालाला लावला. बर्फासारखा गार होता. "ताई, वरचं पान तापलंय, खालचं मूळ अजून गारठलंय. पान पाणी मागतंय आणि मूळ ओढू शकत नाही. तुम्ही वरून आणखी गार पाणी घालताय." तेव्हापासून अशा सकाळी मी आधी मूळ गालाला लावून बघते. गार असेल तर वरची सावलीची जाळी तासभर ओढून ठेवायची, पाणी अकरानंतर, आणि तेही टाकीत उन्हानं तापलेलं. टाकी काळी आहे ती त्यासाठीच.

टोमॅटोच्या काही ट्रेत पानांची खालची बाजू जांभळी दिसतेय. वहिनी म्हणाल्या, "खत कमी पडलं का?" स्फुरद कमी पडला की असंच दिसतं हे खरं, पण स्फुरद कोकोपीटमध्ये आहे. गार मुळाला तो उचलता येत नाही, इतकंच. दोन उबदार दिवस मिळाले की जांभळेपणा जातो. अशा वेळी घाबरून खत ओतलं तर कोकोपीटमध्ये क्षार साचतात आणि मुळं जळतात. आजारी माणसाला पचत नसताना पुरणपोळी भरवण्यातला प्रकार.

१०.४५

पाटोद्याकडचा एक तरुण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. एकराची कलिंगडाची ऑर्डर, सहा हजार रोपं, सत्तर खड्ड्यांचे शहाऐंशी ट्रे. रोपं चौदा दिवसांची, दोन खरी पानं, मुळांनी गोळा गच्च धरलेला. देण्याजोगी आहेत. पण हवामान खात्याचा अंदाज आणखी तीन रात्री गारठ्याच्या सांगतो.

"आज नको नेऊ, भाऊ. तीन दिवस थांब."

"ताई, मल्चिंग अंथरलंय, होलं पाडलीत, बारा बाया बोलावल्यात. आणि आज रथसप्तमी. आई म्हणाली मुहूर्त चुकवू नको."

त्याची अडचण मला दिसत होती. बारा बायांची रोजंदारी, ट्रॅक्टरचं भाडं, आणि एप्रिलमध्ये चार दिवस आधी माल निघाला तर मिळणारा दर. पण गेल्या काही दिवसांत मी या रोपांना पाणी तोडून, ऊन दाखवून हळूहळू कणखर केलंय, तरी शेडच्या नऊ अंशांतून एकदम उघड्या रानातल्या चार अंशांत नेलं तर ती टिकतील अशी ग्वाही मला देता येत नव्हती. कलिंगड मरायला बर्फ पडावा लागत नाही. चार-पाच अंशांत दोन रात्री काढल्या की पानात पाणी भरल्यासारखे काचेचे डाग पडतात, आणि जे वाचतं ते महिनाभर तिथंच बसून राहतं.

"मल्चिंगखाली हात घातलास का आज सकाळी? माती किती गार आहे?"

त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. मी माझा जमिनीत खुपसायचा थर्मामीटर दिला. "बोटभर खोल, सकाळी आठला. पंधराच्या खाली असेल तर लावूच नको."

शेवटी तडजोड झाली. आज अर्धा एकर, तोही चढाच्या बाजूचा, कारण गारठा आधी सखल भागात साचतो. बाकी अर्धा चार दिवसांनी. आणि आज लावायचं ते दुपारी एकच्या आत. उन्हाळ्यात आपण संध्याकाळी रोप लावतो, म्हणजे ऊन लागत नाही. थंडीत बरोबर उलटं. रोपाला तापलेल्या मातीत मूळ टेकवायला निदान पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. लावल्या लावल्या कामट्यांची कमान, त्यावर क्रॉप कव्हर, आणि कापडाच्या दोन्ही कडांना माती सलग. जागोजागी दगड ठेवून भागत नाही, फटीतून रात्री सगळी ऊब निघून जाते. कापड पानाला टेकता कामा नये, जिथं टेकतं तिथं पान गारठतं. त्रेचाळीस ट्रे मोजून दिले. जाताना त्यानं विचारलं, "कापडाऐवजी प्लास्टिक चालेल? घरी पडलंय."

साधं प्लास्टिक दिवसा कापडापेक्षा जास्त तापतं, म्हणून माणूस फसतो. रात्री जमिनीची ऊब त्यातून आरपार जाते. आत दवाचे थेंब धरले तर थोडी अडते. कोरड्या रात्री मात्र प्लास्टिकखालचा पारा बाहेरच्यापेक्षाही खाली गेलेला मी स्वतः पाहिलाय. त्यातून सकाळी वेळेवर उघडलं नाही तर दहा वाजता आत रोपं उकडतात. त्याच्यावर बारदान किंवा जुन्या साड्या टाकणार असशील तर प्लास्टिक चालेल, म्हटलं. क्रॉप कव्हर येण्याआधी आमच्याकडे साड्याच होत्या. माझ्या लग्नातल्या दोन पातळांखाली मिरचीचे किती हंगाम निघालेत.

दुपारी १.००

भाकरी, मेथीची भाजी, तिळाची चटणी. आतला पारा एकोणतीस. चारही पडदे वर, वारा खेळतोय. हा तास रोपांचा. मीही अर्धा तास पाठ टेकते.

त्याआधी मंगळवारची थप्पी उघडली. माना दिसल्या.

३.२०

दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ ही. पहाटेची धावपळ दिसते, तिचं कौतुक होतं, शेकोट्यांचे फोटो पेपरात येतात. पण पहाटे चारला माझ्या हातात फार थोडं असतं. रात्र कशी जाणार हे दुपारी साडेतीनला ठरतं.

पाणी आधी. आज अंदाज सहाचा, म्हणून रांगांमधल्या वाटा आणि ट्रेखालची जमीन दुपारी दोनलाच झारीनं ओली करून घेतली. कोरडी, भुसभुशीत माती ऊब धरत नाही, तिच्यात हवा असते. ओली, दबलेली जमीन दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर सोडते. याच कारणानं थंडीत ट्रे मी स्टँडवर ठेवत नाही. उन्हाळ्यात ते उंचावर बरे, खालून हवा लागते, मुळं आवरलेली राहतात. आता ट्रे जमिनीला टेकलेले हवेत. रोपांना पाणी सकाळीच पुरेसं दिलं होतं, आता पानं कोरडी खडखडीत आहेत याची खात्री केली.

मग पडदे. आत पारा अठ्ठावीसवर असताना पश्चिमेचा सोडून तिन्ही पाडले. पश्चिमेकडून ऊन अजून आत येतंय, तो सव्वाचारला. बाया दरवर्षी म्हणतात, "ताई, एवढ्या लवकर? घाम येतोय की." यायलाच पाहिजे. पडदा ऊब तयार करत नाही, असलेली राखतो. त्यामुळे असताना पाडायचा.

हे मी फार महागात शिकले. नर्सरीचं दुसरं वर्ष होतं. संक्रांतीनंतरचे हेच दिवस, वाड्यावर हळदीकुंकू होतं. दुपारी चारला नवी साडी नेसून मी निघाले. पडद्यांचं लक्षात होतं, पण वाटलं, आल्यावर पाडू, अजून ऊन आहे. गप्पांत, वाणात, उखाण्यांत वेळ गेला. परतले तेव्हा सात वाजून गेले होते. घाईघाईनं साडीचा पदर खोचून चारही पडदे पाडले, दोऱ्या घट्ट बांधल्या आणि समाधानानं झोपले. त्या तीन तासांत शेडमधली सगळी ऊब उत्तरेच्या वाऱ्याबरोबर निघून गेली होती. मी नीट बांधून, झाकून ठेवला होता तो गारठा.

सकाळी उत्तरेकडच्या रांगेतली रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी दिसत होती. गर्द हिरवी, ओलसर, काचेसारखी. मला वाटलं दव आहे. दहा वाजेपर्यंत ती काळी पडली आणि दुपारी कागदासारखी वाळली. चार हजार रोपं. ज्यांची होती ते गृहस्थ आले, ट्रे बघितले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी रान तयार ठेवलं होतं, कर्ज काढलं होतं. मी दुसरं बी आणून पेरून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण गेलेले अठरा दिवस मला परत देता आले नाहीत. ते पुढच्या वर्षीही माझ्याकडेच आले. त्यांचं ते येणं मला अजून जड जातं.

म्हणून आज, रथसप्तमीला, हळदीकुंकवाच्या शेवटच्या दिवशी, शेजारच्या काकूंचं बोलावणं आलं तेव्हा मी निरोप धाडला, पडदे पडले की येते. चार वाजून वीस मिनिटांनी पश्चिमेचा पडदा पाडला. खालची कड जमिनीवर वीतभर लोळते, तिच्यावर वाळूच्या पिशव्या सलग ठेवल्या. सगळं बंद झाल्यावर आतून एक फेरी मारते. बॅटरी नाही लावत. आत उभं राहून जिथं उजेडाची चीर दिसते तिथं फट असते. आज दाराच्या वर एक सापडली, बोट जाईल एवढी. बारदानाचा तुकडा शिवून टाकला. मग पांढरं कापड. कलिंगडावर दुहेरी, टोमॅटोवर एकेरी. मिरची दारापासून लांब, मध्यभागी, तिला सगळ्यात आतली जागा, कारण ती चाळीस दिवस शेडमध्ये राहते आणि तिचं दुखणं उशिरा कळतं.

बाहेर आले तर पाठीला घाम आणि तोंडावर गार वारं.

संध्याकाळी ६.४०

काकूंकडे तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची वाटी. अर्धा चंद्र माथ्यावर आलाय. बाया विचारत होत्या, "आज लवकर कशी सुटलीस?" घरी येताना वाटेत गव्हाच्या पात्यांवर हात फिरवला. दव पडायला अजून सुरुवात नाही.

रात्री ९.५०

अंगणात बारा. शेडमध्ये सतरा. कापडाखाली साडेअठरा. कालच्यापेक्षा दीड अंश जास्त. दाराच्या वरच्या त्या फटीतून रोज किती जात होतं कोण जाणे. गजर साडेतीनचा लावला.

अंथरुणावर बसले तोच फोन वाजला. सकाळचा तरुण.

"ताई, कापड टाकलं, कमानी नीट झाल्या. पाटाच्या बाजूला माती मात्र कमी पडली. तिथं दगड ठेवलेत. चालतंय ना आजच्या दिवस?"

"पाट कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला."

"मग आत्ता जा. फावडं घे. दगड राहू दे, त्यांच्यावरूनच माती ओढ."

तो क्षणभर गप्प झाला. शेजारी ऊस असल्याचं सकाळी त्यानंच सांगितलं होतं.

"कुणाला तरी सोबत घे. बॅटरी घे, काठी घे. आणि फोन खिशात चालूच राहू दे, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतेय."

थोड्या वेळानं दार वाजलं, कुत्रं भुंकलं, त्याच्या भावाचा आवाज आला. मग तो बांधावरून चालत मला आज कुठल्या बाईनं किती ओळी लावल्या ते सांगू लागला, आणि मधूनमधून फावड्याचा आवाज येत राहिला.